गौरीच्या खड्यावरचा कोष

तिळाएवढ्या घरात राहणाऱ्या एका अळीला मी आयुष्यातली चार वर्षं दिली. घरी हे कधी नीट समजावता आलं नाही. आई शेजारणींना "हिचं अळ्यांचं असतं काहीतरी" एवढंच सांगायची, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

हा मायक्रो-कॅडिसफ्लाय नावाचा कीटक. पूर्ण वाढला तरी भाताच्या शितापेक्षा लहान, केसाळ, पतंगासारखा. दहिसर नदी नॅशनल पार्कात जिथे अजून साध्या ओढ्यासारखी असते, तिथल्या दगडांवर तो सापडतो. त्याची अळी पहिल्या चार अवस्थांत बिनघराची, उघडीच हिंडते. पाचव्या अवस्थेत तिला शहाणपण सुचतं. रेशमाची एक चपटी पिशवी ती विणते, तिच्यावर वाळूचे कण चिकटवते, आणि पोट भरलं की पिशवी दगडाला घट्ट डकवून आत कोषात जाते. अंगावरून उतरलेली कातडी मात्र बाहेर टाकत नाही, घरातच एका टोकाला सारून ठेवते. आमच्या घरातही कोणी काही टाकून देत नाही, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटलं.

या कातडीवरच माझं सगळं काम अडलं होतं. प्रौढ नर कुठल्या प्रजातीचा ते ओळखता येत होतं. अळ्याही ढिगाने होत्या. पण ही अळी याच नराची, असं छातीठोक लिहायला पुरावा नव्हता. पूर्ण तयार झालेला एक नर, कोषातच, शेजारी त्याची जुनी कातडी, असा मिळाला की अळी, कोष आणि प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच जिवात हाती लागतात. तीन हंगाम तो मिळाला नाही. कधी मादी निघायची, कधी बुरशी चढायची.

चौथ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत लॅब बंद राहणार होती, म्हणून दगडांसकट टब मी बोरिवलीच्या घरी आणला आणि बाल्कनीत कुंड्यांशेजारी हवेचा पंप लावून ठेवला. दगड म्हणजे सुपारीएवढे गोटे. त्यातल्या एकावरच्या कोषात नर होता. भिंगातून, वाळूच्या कणांमधल्या फटींतून, त्याचे पंख काळे पडत चाललेले दिसत होते. आणखी दोन-तीन दिवस, असा माझा अंदाज होता.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, आणि आणणारीने तोंडात पाणी धरून, एक शब्द न बोलता त्या आत आणायच्या. वर्षानुवर्षं हे काम माझ्याकडे. पाणवठा म्हणजे सोसायटीच्या बागेतला नळ. आदल्या दिवशी आईने विचारलं, "उद्या खडे आणशील ना गं?"

"मला वेळ नाहीये. तूच आण ना. आणि खडे कुठलेही चालतात, काय फरक पडतो?"

सकाळी ती बाल्कनीतून आली. गाल फुगलेले, हातात ताम्हन, त्यावर रुमाल. मला वाटलं, यंदा कुंडीतलेच खडे घेतलेले दिसतात. विचारणार तर तिने डोळ्यांनीच दटावलं. मी गुपचूप तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि बाजूला झाले.

दुपारी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाल्यावर नमस्काराला वाकले, तेव्हा दिसलं. पाच गोटे, हळदकुंकू वाहिलेले, आणि मधल्यावर तो तपकिरी तीळ.

"आई, हे माझे दगड आहेत."

"मग! खऱ्या नदीचे. म्हटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी खऱ्या पाणवठ्याची गौर येऊ दे." ती खूश होती.

मी ओरडले. सणाच्या दिवशी बोलू नये असं बरंच बोलले. चार वर्षांची वाट लागली, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मी हात पुढे केला, तर तिने मनगट धरलं.

"बसवलेली गौर हलवायची नाही. परवा विसर्जन झालं की घे."

"परवापर्यंत वाळून मरेल तो."

"कोण?"

मी भिंग आणून तिच्या हातात दिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"जिवंत आहे?"

"अजून तरी."

"पाणीच लागतं ना फक्त?"

तिने पंचपात्रात टबातलं पाणी घेतलं, गोट्याभोवती कापूस गुंडाळला आणि पळीने पाणी सोडायला सुरुवात केली. दोन दिवस तिचं हेच चाललं होतं. भाजी निवडता निवडता उठायची, पळीभर पाणी घालून परत बसायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, तर "आमच्याकडे असंच असतं" म्हणून मोकळी झाली. सकाळी मी उठायच्या आत कापूस ओला झालेला असायचा. मला तिचा राग यायचा बंद झाला, पण तसं मी तिला सांगितलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी तिने पाचही खडे बादलीत बुडवले आणि मधला वाटीत पाण्यात घालून माझ्याकडे दिला. मी भिंगातून पाहिलं. पंख पूर्ण काळे, कोषात बारीक हालचाल.

"आता उडेल ना गं?"

"हो. उद्या-परवा."

खोलीत जाऊन मी तो अल्कोहोलच्या बाटलीत सोडला. तो उडाला असता तर हातचा गेला असता, आणि ती जोखीम मी घेणार नव्हते. आईशी खोटं बोलल्याची लाज वाटली. काम झाल्याचा आनंद त्याहून जास्त होता.

वर्षभराने लेख छापून आला. आईने चष्मा लावून तो चाळला, आकृत्यांच्या पानावर थांबली.

"हाच का आपला?"

"हो."

तिने आकृतीवरून हलकेच बोट फिरवलं.

"याचे पंख अजून मिटलेलेच आहेत," ती म्हणाली, आणि लेख माझ्याकडे न बघता परत दिला.