सोलापुरात वेदान्ताला मागणी

आधीच हसून घ्या बघू, म्हणजे मला मधेमधे थांबावं लागणार नाही! ही फजिती ऐकून माझी सख्खी बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली होती. मग तुमचं काय? आणि चहा घ्या, गार होतोय.

तर नव्या पेठेत आमचं वाचनालय होतं. दिवसा मी शाळेत मास्तर आणि संध्याकाळी वाचनालयाचा ग्रंथपाल, चिटणीस आणि झाडूवाला. खोली अप्पांची. अप्पा म्हणजे तंबाखूचे व्यापारी. खाली त्यांचं दुकान, वर आमची पुस्तकं. घरात कानडी बोलायचे, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही. वडिलांच्या नावानं त्यांनी ती खोली फुकट दिली होती.

एके दिवशी अप्पा जिना चढून वर आले. रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली.

"मास्तर, हितं वाचायला कोण येतं?"

"येतात की, अप्पा."

"मला तर एक मांजर दिसायलंय."

खोटं कशाला बोलू? मांजरच होतं. तेही झोपलेलं.

"दिवाळीपर्यंत बघतो," अप्पा म्हणाले. "मानसं आली तर खोली तुमची. न्हाय आली तर पाडव्याला हितं लुगड्याचं दुकान. कापडवाला कधीचा मागं लागलाय."

अहो, शाळेत मला पोरं विचारत नव्हती, घरी बायको विचारत नव्हती. साऱ्या दुनियेत 'ग्रंथपाल' अशी पाटी लावून मला बसता येईल अशी ती एकच खुर्ची होती. तिच्यावर लुगडी?

त्याच सुमाराला पुण्यात वाचनालयवाल्यांची परिषद भरली. गेलो. तिथे एक प्रोफेसर बोलले. काय बोलले हो! म्हणे, परदेशातली ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं धाडतात, एकाला काही युक्ती सापडली की ती साऱ्या जगाला कळवतात. "बोलपट आलाच आहे, उद्या घरोघरी रेडिओ येईल. जे वाचनालय आज तयारी करणार नाही, ते उद्या उरणार नाही!" असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. माझ्याकडे बघूनच आपटली असं मला अजून वाटतं.

मग त्यांनी तयारी सांगितली. कपाटांची कुलपं काढा, वाचकाला हवं ते पुस्तक स्वतःच्या हातानं घेऊ द्या. आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून उष्ण देशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाची युक्ती अशी, की प्रत्येक पुस्तकात थोडा तंबाखू ठेवा.

ऐकलंत? तंबाखू! आणि माझ्या पायाखाली अख्खं तंबाखूचं दुकान! याला योग नाही म्हणायचं तर काय?

"अय्यो शिवने!" मी परत येऊन सांगितलं, तसे अप्पा म्हणाले. "पुस्तकाला तंबाखू?"

"साऱ्या जगात ठेवतात, अप्पा."

जगाचं नाव काढलं की अप्पा विरघळायचे. त्यांनी निपाणीचा चांगला माल काढून दिला. मी कुलपं काढली आणि पुस्तकापुस्तकात तंबाखू घातला. जाड पुस्तकाला कसर जास्त लागणार, म्हणून त्याला तंबाखू जास्त. वेदान्तावरचं एक भाष्य उशीएवढं जाड होतं. त्याचा पहिला भाग तर मी नुसता ठासून भरला.

थोड्याच दिवसांत पहिला वाचक आला. नागनाथ त्याचं नाव, कापडगिरणीत मागावर काम करायचा. कपाटापाशी उभा राहिला, एक पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मला भरून आलं. पुस्तकाच्या वासावर एवढा जीव!

"ह्ये जाडं न्हेऊ का, मास्तर?"

वेदान्त! मी धावत नोंद केली. दुसऱ्या दिवशी स्वारी पुस्तक घेऊन परत हजर.

"वाचलंत?"

"संपलं की."

"एका रात्रीत?"

"आमी चौघं होतो."

चौघांनी मिळून सामुदायिक वाचन! गिरणीच्या चाळीत! मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे काय विचारता? गिरणीचा भोंगा झाला की जिन्यावर रांग लागायची. बाजाराच्या दिवशी मोडनिंबचे शेतकरी बैलगाडी सोडून थेट वर येत आणि वेदान्त मागत. प्रेमाच्या कादंबऱ्यांना कोणी हात लावीना, कारण त्या बारक्या. मी मात्र समजलो की सोलापूर आता करमणुकीला कंटाळलं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, पुस्तकं रिकामी परत येत होती, ते दिसलं नाही का? दिसलं! आणि तिथंच तर माझी अक्कल धावली. मी म्हटलं, पानं उलटताना तंबाखू झिजतो, त्याचा भुगा होऊन पडतो. म्हणजे जितका तंबाखू कमी, तितकं वाचन जास्त! वाचन मोजायचं यंत्रच सापडलं की मला! पुस्तकांवर पांढरी बोटंही उमटलेली असायची. ती मला माझ्याच खडूची वाटली.

मी रोज संध्याकाळी नवा तंबाखू भरायचो. बायको म्हणाली, "अंगाला वास कसला येतो हो?"

"ज्ञानाचा," मी म्हणालो.

शोध गप्प कसा ठेवणार? मी पुण्याच्या त्या प्रोफेसरांना सगळं कळवलं. ते लवकरच बोटीनं परदेशी निघाले होते, देशोदेशीच्या ग्रंथालयवाल्यांना भेटायला. त्यांचा निरोप आला, 'आपली सोलापूर पद्धत तिथे सांगेन म्हणतो. पण आधी डोळ्यांनी पाहीन.'

साऱ्या जगात सोलापूर पद्धत! मी कोट धुवायला टाकला.

दिवाळीच्या तोंडावर प्रोफेसर आले. अप्पांनी डोक्याला नवा रुमाल बांधला होता. मी तंबाखूच्या झिजेवर असं काही भाषण ठोकलं, की प्रोफेसर भराभर टिपून घेऊ लागले. तेवढ्यात भोंगा झाला आणि रांगेत सगळ्यात पुढे नागनाथ! मी त्याला हाताला धरून पुढे केलं.

"हे भाष्य तुम्ही पुन्हापुन्हा नेता म्हणे," प्रोफेसर म्हणाले. "यात तुम्हाला काय मिळतं?"

"तंबाखू."

"काय?"

"तंबाखू की. ह्या जाड्यात लई असतुया, बारक्यात निस्ता चिमूटभर. मास्तर म्हंजे द्येवमानूस. फकस्त चुन्याची पुडी ठिवायची तेवढी इसरत्यात."

आता काय सांगू! प्रोफेसरांची पेन्सिल हवेतच राहिली. अप्पांनी कानडीतून जे म्हटलं ते मला कळलं नाही, आणि बरंच झालं.

"म्हणजे वाचत कोणीच नाही?" प्रोफेसरांनी विचारलं.

"वाचतो की थोडं थोडं," नागनाथ म्हणाला. "मास्तर कुटं मधीच दडवून ठिवत्यात. हुडकताना नजर पडतीच. त्यो दोरीला साप समजून भ्यायलेला गडी निघाला न्हवं का? आमच्या खात्यात लई वाद झाला. म्या म्हनलं, साप न्हवता, पर भ्या तर खरंच वाटलं का न्हाय? म्होरं काय झालं, मास्तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढे काय झालं ते दुसऱ्या भागात होतं. आणि दुसरा भाग माझ्या टेबलावर होता, 'ग्रंथपालांच्या वाचनात' अशी चिठ्ठी लावून, कित्येक महिने.

प्रोफेसरांनी तो उचलला. आत तंबाखू जसाच्या तसा, काडीसुद्धा मोडलेली नाही. पुस्तकाची पानं छापखान्यातून आली तशीच कडेला एकमेकांना जोडलेली होती, ती फाडलेलीसुद्धा नव्हती.

"मोजमाप आपलंच आहे, मास्तर," प्रोफेसर हळूच म्हणाले.

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. पोटात घेतलंच असतं तर अप्पांच्या तंबाखूत पडलो असतो.

"मास्तर," अप्पा म्हणाले, "ती मानसं तंबाखूसाठी का होईना, बुक उघडत तरी होती की ओ!"

मग त्यांनी टेबलावरच्या खोलीच्या किल्ल्या उचलल्या.

"मानसं आली तर खोली देतो म्हनलं होतं. आली. शब्द म्हंजे शब्द, खोली ऱ्हाईल. पर आजपासनं तंबाखू बंद, आन् किल्ल्या नागनाथाकडं."

वाचनालय वाचलं. मी काही वाचलो नाही.

दिवाळी झाल्यावर लाज गिळून वर गेलो. माझ्या पाटीखाली, माझ्या खुर्चीत नागनाथ बसला होता. मी म्हटलं, "वेदान्ताचा दुसरा भाग द्या. आता वाचणारच!"

"त्यो भाईर गेलाय, मास्तर," तो म्हणाला. "तंबाखू न्हाय म्हनलं, तरी न्हेला." मग त्यानं कपाटातली सगळ्यात बारकी कादंबरी काढून माझ्या हातात ठेवली. "तुमी ह्ये न्या. तुमाला एवढंच झेपंल."