घरात पाहिजेत कच्ची करवंदं

आता हसायचंच असेल तर आधी तो चहा खाली ठेवा, अंगावर सांडेल. कारण असा गाढवपणा मी पुन्हा केलेला नाही.

नवे पैसे नुकते चालू झाले होते, तेव्हाची गोष्ट. मुळशीतल्या भरे गावात मी नवा मास्तर. लग्नाला चार महिने झालेले.

लोक महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे गोडवे गातात. साहेबाच्या देशात म्हणे रासबेरीचा मुरंबा करतात. करोत बापडे! चैत्रातलं हिरवं करवंद मिठाला लावून दाताखाली फोडावं आणि एक डोळा आपोआप मिटावा, ह्यापुढे मला सगळं फिकं.

पण पंचाईत अशी, की शाळेत मीच फर्मान काढलं होतं. कच्ची करवंदं खाऊन घसा बसवून येईल त्याला अंगठे धरून उभा करीन. मग मास्तरानं ती घ्यायची कुठल्या तोंडानं?

डोंगरातल्या वाडीवरची धोंडाबाई करवंदांची पाटी घेऊन आली. मी इकडेतिकडे बघून म्हटलं, "कच्ची दे."

"कच्ची कशापायी वो मास्तर? ही पिकल्याली घ्या की."

"मला नकोत गं. घरात पाहिजेत."

धोंडाबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली आणि दोन मुठी जास्त घातल्या. मी मूर्ख, मला वाटलं मास्तराचा मान राखला.

लग्न होऊन चार महिने, आणि बायकोला आंबट पाहिजे! गावाला आणखी काय सांगावं लागतं? संध्याकाळपर्यंत घरोघर कळलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी आमच्या हिच्या हातातला हंडा काढून घेतला. पाटलीणबाईंनी चिंच धाडली. कुणी कैऱ्या दिल्या, आणि कच्ची करवंदं तर रोज कुणी ना कुणी आणून देई. ही पुण्याची, हिला काय कल्पना? म्हणायची, "अहो, इथली माणसं किती मायाळू हो."

मला कधी कळलं? शेजारच्या म्हातारीनं अडवलं तेव्हा. "मास्तर, आता सूनबाईला जपा. ववझं उचलू दिऊ नगा."

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण करवंदं येत होती ना! उद्या सांगू, परवा सांगू करत मी कोटाचे खिसे भरत राहिलो.

इकडे पाटलांची भाजीची गाडी पुण्याला गेली आणि बातमीही तिच्यात बसून माझ्या आईपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी आई पौडच्या एस.टी.नं हजर. हातात खण, नारळ आणि चेहरा असा फुललेला, की मी घाईनं कोट काढून खुंटीला अडकवला.

"चोरओटी भरायला आलेय," ती हिला म्हणाली. "तिसऱ्या महिन्यात भरतात गं, गुपचूप."

गुपचूप कसली, पाटलीणबाईंसकट सात-आठ जणी आधीच ओसरीवर येऊन बसलेल्या. पाट मांडला. ही दारात उभी, गोरीमोरी झालेली. सगळ्यांदेखत हिच्यावर खोटं पडायची वेळ मी आणली होती. लाज वाटली हो मला, खरंच वाटली. तरी मी आपला उपरण्याशी चाळा करत उभा राहिलो.

हिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग खुंटीवरचा माझा कोट काढला आणि पाटावर उलटा केला. करवंदं घरंगळत आईच्या पायाशी गेली. मागोमाग मिठाची पुडी पडली.

"आई," ही हळूच म्हणाली, "डोहाळे ह्यांना लागलेत."

आईचा चेहरा उतरलेला मला बघवेना. शेवटी पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "मंग आता ह्या वटीचं काय करायचं वो?"

आई माझ्याकडे वळली. "बस पाटावर."

"आई, अगं..."

"बस म्हणते ना!"

बसलो. उपरण्यात खण, नारळ, तांदूळ आणि शिवाय जमिनीवर सांडलेली सगळी करवंदं. माझ्या आईनं माझी ओटी भरली.

पुढच्या वर्षी देवाच्या कृपेनं खरीच गोड बातमी आली. मी अभिमानानं धोंडाबाईला गाठलं आणि सांगितलं, "घरात दिवस गेलेत."

तिनं पाटी खाली ठेवली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "बाईस्नी, का तुमास्नी?"