आईच्या खाटेवरचा चौकोन

इंदिरा नगरातल्या आमच्या घराच्या डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबवर थेट ऊन. वडील गेल्यावर आईला मी सांगलीहून लखनौला आणलं, ते कायमचं म्हणून. एप्रिल लागला तशी ती म्हणाली, "ही खोली नव्हे, भट्टी आहे. मला चारबाग स्टेशनला नेऊन सांगलीकडच्या गाडीत बसवून दे." सांगलीत आता तिला पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. तिला तिथं एकटी सोडायची नाही, हे माझं ठरलेलं होतं. हट्टी बाईची मी हट्टी लेक.

संशोधन संस्थेत माझा रोजचा संबंध रसायनांशी. दोन द्रव एकत्र फवारले की क्षणात फुगून घट्ट होणारा फेस उष्णता अडवतो, हे मला पक्कं माहीत होतं. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजला तो फेस मारणारा एक ठेकेदार मी गाठला. तो हसला, "मैडम, आलू ठंडा रखते हैं, अम्माजी को भी रख देंगे।" एरवी हिंदी न कळणाऱ्या आईला हे मात्र बरोबर कळलं. "मी बटाटा होय गं?"

काम सुरू होण्याआधी तिनं गच्चीवर खडूनं भलामोठा चौकोन आखला. "इथं काही फवारायचं नाही. कुरडया कुठं घालू मग? तापलेली जमीन लागते." वाळवणाची जागा सोडायची यात आम्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. गच्ची असते कशासाठी? ठेकेदारानं चौकोन सोडून सगळीकडे फेस मारला, वर सिमेंटचा गिलावा दिला.

घर निवलं. भर दुपारी बैठकीत नुसता पंखा पुरू लागला. मी शेजारणींना स्टुलावर चढवून छताला हात लावायला लावत होते.

आई मात्र ट्रंक भरत होती. कुरडयांचा सोऱ्यासुद्धा तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून तळाशी ठेवला.

"माझ्या खोलीत काडीचा फरक नाही," ती म्हणाली. "उगीच खोटं कशाला बोलू?"

मी तिची खाट सरकवली, स्टुलावर चढले. कडेला छत कोमट होतं आणि उशी असायची त्याच्या बरोबर वर चटका बसला. मी हसतच सुटले.

"आई, तुझा चौकोन तुझ्याच डोक्यावर आहे!"

तिनं मान वर करून छताकडे बघितलं. "भरून टाकलास तर माझ्या कुरडया?"

"फेस ऊन खाली उतरू देत नाही. मग ते वरच राहणार. गिलावा आधीपेक्षा जास्त तापेल."

"वाळतील?"

"कडकडीत."

ठेकेदारानं येऊन चौकोन भरला. गिलावा सुकल्यावर आई दुपारची जेवून आडवी झाली ती चहालाच उठली. उठली ती सरळ ट्रंकेकडे गेली. राहिलेलं भरतेय, असं मला वाटलं. तिनं तळातून सोऱ्या काढून माझ्या हातात दिला.

"घासून ठेव. गहू आजच भिजत घालते."