डाव्या हाताचा कॉम्प्युटर

दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याची चाळिशीसुद्धा झाली नव्हती. सकाळी कामावर जायच्या गडबडीत चहा गाळताना त्याच्या हातातून पातेलं सुटलं. काय सांडलं म्हणून आई बघायला गेली, तर तो ओट्याला टेकून काहीतरी सांगत होता आणि एकही शब्द कळत नव्हता. शेजारच्यांनी वेळेत हॉस्पिटलात नेलं म्हणून वाचला. बोलणं परत आलं, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र परत आला नाही.

तेव्हापासून मला फोनची धास्ती बसली. मी लग्नानंतर खारघरला राहते, तिथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. आई आणि दादा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, माझ्या माहेरी. स्क्रीनवर आईचं नाव दिसलं की दुसरी रिंग व्हायच्या आत मी उचलायचे. पलीकडून ती मासळीचं सांगायची, "बाय, वाकट्या चांगल्या आल्यान. नेशील का?" मी हो म्हणायचे आणि ठेवण्याआधी विचारायचे, दादा काय करतोय.

दादा दिवसभर पलंगावर बसून असे. टीव्ही चालू, पण त्याचं लक्ष नसे. फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्यांनी एकदा मला बाहेर बोलावून विचारलं, "आजारपणाआधी हे कशात रमायचे?"

मी म्हटलं, "गेम खेळायचे. कॉम्प्युटरवर."

मला ते सांगायला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मग खेळू देत ना. डावा हात तरी मनापासून वापरतील. मी सांगितलेला चेंडू दाबतात, पण माझ्यावर उपकार केल्यासारखा."

दादाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता. आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, दारात मासळी वाळत घातलेली. त्या खारट हवेनं डब्याचे स्क्रू गंजून गेले होते आणि पंख्यात ओलसर धूळ चिकटून तिचा लगदा झाला होता. तो दुरुस्त होण्यातला नव्हता. नवा घ्यायचा, आणि सुटे भाग निवडून घ्यायचा, कारण दादानं कधी तयार डबा घेतलाच नव्हता. हे मी मनाशी ठरवलं आणि त्याला सांगितलं नाही. त्याला सरप्राइज द्यायचं होतं असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे तो 'नको' म्हणेल याची मला भीती होती.

वाशीला एका दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, मूळचा साताऱ्याकडचा. त्यानं विचारलं, "कुठल्या गेम खेळणार, ताई?" मला एकाही गेमचं नाव माहीत नव्हतं. त्यानं प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड असे खोके काउंटरवर मांडले आणि प्रत्येकाबद्दल सांगू लागला. मी मान हलवत होते आणि प्रत्येक वेळी एकच विचारत होते, "हे जळणार तर नाही ना? आमच्याकडे लाइट वरखाली होते."

"त्यासाठी चांगला पॉवर सप्लाय घ्या, वर यूपीएस घ्या. मग कशाला जळतंय?"

घरी येऊन मी मोबाइलवर वाचत बसायचे. कुणाचा पॉवर सप्लाय कमी पडला, कुणाच्या ग्राफिक्स कार्डाची वायर वितळली, कुणाचं कार्ड डब्यातच मावलं नाही. जे जे बिघडू शकतं ते सगळं मला पाठ झालं. नवरा म्हणाला, "तू कॉम्प्युटर घेतेयस की ऑपरेशन करतेयस?" मी वाचतच राहिले. पण मला आतून ठाऊक होतं की या काळजीत मला एक प्रकारचं बरं वाटत होतं. वायर वितळू नये म्हणून काय करायचं याला उत्तर होतं. दादाला दुसरा झटका येऊ नये म्हणून काय करायचं, याला डॉक्टरांकडेसुद्धा पुरतं उत्तर नव्हतं.

त्यांना मी विचारून आले होते. गेम खेळताना माणूस उत्तेजित होतो, त्यानं बीपी वाढलं तर? ते लुकलुकणारे रंगीत दिवे असतात, त्यांचा त्रास झाला तर? डॉक्टर म्हणाले, "बीपीच्या गोळ्या वेळेवर, झोप वेळेवर, मध्ये मध्ये उठून चालायचं. बाकी खेळू द्या. नुसतं बसून राहणं जास्त वाईट." मी त्यातलं 'बीपी' तेवढं घेऊन बाहेर पडले.

दादाला कळलं ते दुकानदाराच्या मेसेजमुळे. रविवारी मी त्याच्या शेजारी बसून त्याला आमच्या पिकनिकचे फोटो दाखवत होते. वरून मेसेज घसरला: 'ताई, भावाचा डावखुरा माऊस बघून ठेवलाय.' दादानं तो वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"मना विचारलंस?" तो म्हणाला.

"म्हटलं, आणूनच दाखवू."

"डावखुरा माऊस. म्हंजे तू ठरवून टाकलंस, उजवा आता येत नाय."

मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही, हेच जास्त लागलं. आई दारात कोळंबी सोलत होती, तिचे हात थांबले. मी काहीतरी समजूत घालायला गेले तर दादा म्हणाला, "जा तू आता. उशीर होईल."

पुढचे काही दिवस मी दुकानदाराचे फोन उचलले नाहीत. मग एका दुपारी लायब्ररीत पुस्तकं लावताना फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'. आजारपणानंतर त्यानं स्वतःहून कधीच फोन केला नव्हता. मी धावतच जिन्यात गेले.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगली बरी हायत. तो पॉवर सप्लाय कुठला बघितलास तू?"

मी नाव सांगितलं.

"फालतू हाय. आनि तो डबा? त्याला जाली हाय का धुलीची? आपल्याकडं जालीबिगर टिकनार नाय." तो अडखळत, एकेक शब्द जुळवत बोलत होता. "परवा येतो तुझ्यासंगं दुकानात."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आनंद झाला असं म्हणवत नाही, कारण लगेच वाटलं, दुकानाला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही.

दुकानदारानं पायऱ्यांशी येऊन दादाच्या डाव्या बाजूला खांदा दिला, तोही बोलता बोलता, मुद्दाम दिल्यासारखा नाही. आत गेल्यावर दादानं माझी निम्मी निवड मोडीत काढली. मला दिवे नसलेला काळा डबा हवा होता. त्यानं काचेचा निवडला, आत रंगीत पंखे असलेला.

"दादा, ते लुकलुकणं नको. डॉक्टर–"

"डॉक्टरांनी नको म्हटलं?"

"तसं नाही म्हटलं."

"मग तू डॉक्टर कधी झालीस?" दुकानदार हसला. दादासुद्धा हसला, आणि त्याच्या तोंडाची उजवी बाजू अजून जरा मागे राहते हे मला दिसलं. शेवटी दिवे बंद करता येतात असं दुकानदारानं सांगितल्यावर मी तो विषय सोडला.

माऊसजवळ मात्र तो थबकला. डावखुरा माऊस अंगठ्याकडे भरपूर बटणं असलेला होता. शेजारी पायानं दाबायची पेडलं ठेवलेली, कीबोर्डाची काही कामं डाव्या पायावर ढकलण्यासाठी. दादानं माऊसवर डावा हात ठेवला, काढला, परत ठेवला. पेडलांकडे बघून म्हणाला, "शिवनयंत्र वाटतंय." पण ती घेतली.

जोडणी घरीच करायची असं त्यानं जाहीर केलं. दुकानदार फुकट जोडून द्यायला तयार होता, मी डोळ्यांनी त्याला विनवत होते, पण दादा ऐकेना. रविवारी सकाळी आईनं टेबलावरची मिठाची बरणी आणि मसाल्याचे डबे हलवून जागा करून दिली. "मना त्यातलं काय कलत नाय," असं म्हणून ती समोर बसली आणि उठली नाही.

मी उजवा हात झाले. तो सांगायचा, मी धरायचे. प्रोसेसर बसवायची पाळी आली तेव्हा म्हणाला, "हा मी बसवतो." बोटाच्या दोन पेरांएवढी ती चौकोनी चिप, आणि खाली केसांसारख्या बारीक पिना. एक पिन वाकली की बोर्ड गेला, हे मी वाचलं होतं. डाव्या हातात ती चिप हलत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. मी बोर्ड दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली बघत राहिले. चिप टेकली, त्यानं बोटानं हळूच सरकवून पाहिली, आणि ती जागी घट्ट करणारी दांडी दाबायला माझा अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवायला लावला. करकर आवाज झाला. "असाच होतो," तो म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. आम्ही थांबलो. काळीच.

दादाचा चेहरा उतरला. "पिना गेल्या," तो म्हणाला. "माझ्या हातानं गेल्या."

"गेल्या नसतील."

"बंद कर. काढ वायर." आवाज चढला, मानेची शीर दिसायला लागली. मला कॉम्प्युटर दिसेनासा झाला, फक्त ती शीर दिसत होती. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यानं तो हातानं सारला. मी दुकानदाराला फोन लावला.

"चालू हाय ना अजून?" त्यानं विचारलं. "मग हात लावू नका. ही नवी रॅम पहिल्यांदा सगळं तपासत बसते, येळ लागतो. चहा घ्या तोवर."

चहा कुणी केला नाही. आम्ही तिघं त्या काळ्या काचेसमोर बसून राहिलो. बाहेर कुणीतरी जाळं ओढत नेत होतं, त्याचा फरफटल्याचा आवाज येत होता. मी दादाच्या श्वासाकडे कान लावून होते. मग स्क्रीन उजळली, पांढरी अक्षरं आली, आणि आईनं त्या अक्षरांना हात जोडले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले काही आठवडे दादा हरायचा, माऊस आपटायचा. इंटरनेटवर पलीकडून खेळणारी अनोळखी पोरं त्याला शिव्या घालायची. पेडलं त्यानं कोपऱ्यात भिरकावली, मग स्वतःच परत ओढून घेतली. हळूहळू गावातले जुने दोन मित्र संध्याकाळी त्याच्याबरोबर खेळू लागले. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, डाव्या हाताची बोटं आता सुटी हलतात. उजव्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. कान पूर्ण झाकणारे हेडफोन त्यानं नंतर मागवले, स्वतःच निवडून.

एका दुपारी मी त्याला फोन केला. उचलला नाही. परत केला. आईला केला, ती बेलापूरच्या बाजारात मासळी घेऊन बसलेली. ती म्हणाली, "निंगाले तवा बरा व्हता." मी रजेचा अर्जही न देता रिक्षात बसले. हायवेच्या पुलाजवळ ट्रॅफिक लागलं. मी रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, "जरा लवकर," आणि त्यानं दोनदा समोरच्या रांगेकडे हात केला.

दार नुसतं लोटलेलं होतं. दादा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत होता. मान थोडी उजवीकडे कललेली. मी हाक मारली. हलला नाही. मला उंबरठा ओलांडता येईना. मग त्याच्या डाव्या पायाचा अंगठा पेडलावर पडला, उठला, परत पडला.

मी खाली बसले. त्याला स्क्रीनच्या काचेत काहीतरी हललेलं दिसलं असावं, तो वळला आणि हेडफोन मानेवर ओढले.

"बाय? काय झालं? आय बरी हाय ना?"

मी नुसता फोन दाखवला. त्याचा फोन पलंगावर उशीखाली होता. त्यानं सगळे मिस्ड कॉल बघितले. मला वाटलं आता वैतागेल. तो म्हणाला, "पानी पी आधी."

मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "दादा, हे कान बंद करणारं नको घालूस. मी पाया पडते."

त्यानं हेडफोन मानेवरून काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "कान मोकले असले ना, की मी आतलंच ऐकत बसतो. डोकं दुखतंय काय, जीभ जड झाली काय. दिवसभर. हे घातलं की तेवढा येल ऐकू येत नाय."

आजारपणानंतर तो आपल्या भीतीबद्दल पहिल्यांदा बोलला होता. इतके दिवस मला वाटत होतं, ती फक्त मलाच आहे.

हेडफोन त्यानं सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराला विचारलं, आणि त्यानं दादाचा फोन कॉम्प्युटरला जोडायची सोय सांगितली, म्हणजे गेमच्या मध्येच माझा कॉल कानात वाजेल. आता मी फोन केला की दादा उचलतो आणि पहिलं वाक्य नेहमी तेच असतं, "थांब, मरतोय मी इथं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपला घालून दारापर्यंत गेले होते. अजूनही क्षणभर हातातलं काम थांबतं. मग पाठीमागून बंदुकांचा आवाज येतो, आणि आई ओरडून विचारते, जेवायला येतेस का.