कॉपीकाका

भेटल्यावर माणसं "कसा आहेस" असं विचारतात. आमचे काका विचारायचे, "कॉपी कुठं ठेवलीस?" परीक्षेतल्या पर्यवेक्षकाला शोभेल असा हा प्रश्न ते आकुर्डी स्टेशनच्या फलाटावर खड्या आवाजात टाकत, तेव्हा आजूबाजूचे लोक माझ्यापासून जरा लांब सरकत. आम्ही त्यांना कॉपीकाका म्हणायचो. तोंडावर नाही, अर्थात.

काका जन्मापासून आंधळे, आणि मीही त्यातलाच. ते आकुर्डीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्यांना ब्रेल नोटटेकर शिकवायला लागले. पोथीएवढं यंत्र. सहा कळांनी लिहायचं आणि खालच्या पट्टीवर टिपके वर येतात ते बोटांनी वाचायचं. पडदा नाहीच. काका बसमध्ये ते पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नसत. एकदा शेजारच्याने विचारलं, "राव, पिशवीत काय चाचपताय मघापासून?" "पेपर वाचतोय," काका म्हणाले. तो माणूस उठून पुढे जाऊन उभा राहिला.

यंत्रावर त्यांचा जीव होता, भरवसा नव्हता. "पडतंय, भिजतंय, चोरीला जातंय. आपलं लिवलेलं दुसऱ्या जागी पायजेच." म्हणून दिवेलागणीला यंत्रात मेमरी कार्ड घालून सगळं त्यावर उतरवायचं, ही त्यांची कॉपी. हे त्यांनी असं लावून ठेवलं होतं की यंत्रात जे असेल तेच कार्डात राहील, आणि यंत्रातून पुसलं की कार्डातूनही जाईल. जुना पसारा त्यांना खपत नसे. शिवाय आणखी एक कार्ड दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. माझं त्यांच्याकडे, त्यांचं माझ्याकडे. दर शनिवारी बँकेतली नोकरी आटपून मी चिंचवडहून जायचो, अदलाबदल व्हायची आणि काकूंचे पोहे मिळायचे. काकू डोळस होत्या आणि बोलक्याही, त्यामुळे अदलाबदलीला संध्याकाळ व्हायची.

मग काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता खुणा केल्या तर काकांना दिसणार नाहीत, कागदावर लिहिलं तर वाचता येणार नाही. काकू त्या वयात सहा कळा शिकल्या. त्या लिहायच्या, काका पट्टीवर बोट ठेवून वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. शनिवारी मला एकच बाजू ऐकू यायची. कळांचा टकटक आवाज, मग काकांचं, "व्हय गं, घेतल्या गोळ्या." पुन्हा टकटक, आणि काका खो खो हसायचे. कशाला, ते मला कळायचं नाही. खोलीवर एकटा राहणाऱ्या माणसाला हेवा वाटावा असं ते हसणं होतं, आणि मला तो वाटायचा.

हे सगळं बोलणं एका फाइलमध्ये साठत गेलं. तेव्हापासून काकांनी मला त्यांचं कार्ड देणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "नवराबायकोचं बोलणं दुसऱ्याच्या घरी कसं ठेवायचं रे?"

काकू गेल्या. काका रोज दुपारी ती फाइल वाचत बसायचे. काही महिन्यांनी यंत्र अडकलं. दुरुस्तीवाला म्हणाला, चालू होईल, पण आतलं सगळं पुसावं लागेल. "पुसा. कार्ड घरी हाय," काका निर्धास्तपणे म्हणाले. कोरं यंत्र घेऊन घरी आले तोवर दिवेलागण झाली होती. कार्डातलं यंत्रात घ्यायचं होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने हातांनी रोजचंच काम केलं. कोरं यंत्र कार्डावर उतरलं आणि कार्डही कोरं झालं. दुसरा कुणी आळशी माणूस असता तर त्याची फाइल वाचली असती.

"समदं गेलं रे," एवढंच फोनवर म्हणाले. पुसलेलं परत निघतं का बघायला कार्ड घेऊन मी दोन-तीन दुकानं फिरलो. काही तुकडे निघाले, ती फाइल निघाली नाही.

एका शनिवारी ते अचानक म्हणाले, "तू तिचं बोलणं लई ऐकलंयस. काय काय म्हणायची, सांग की." मी आठवून आठवून सांगितलं. चपला भिंतीकडे काढ. पोह्यांवर लिंबू पिळू का. बँकेत एखादी चांगली मुलगी नाही का रे. "न्हाई," काका म्हणाले, "ती 'रे' जरा लांबवायची. परत म्हण." मी परत म्हटलं. मग दर शनिवारी तेच. माझ्याकडे नवीन काही नव्हतं आणि त्यांनी नवीन मागितलंही नाही.

मागल्या वर्षी काका गेले. शनिवारी आता मी खोलीवरच असतो. कधीकधी ती वाक्यं मोठ्याने म्हणून बघतो. 'रे' पुरेसा लांबला की नाही, हे सांगायला कुणी नाही.