बाबांचं बटण

"बाबांचं बटण दाबा रे कोणीतरी!"

दादा म्हणाला आणि पडवीतली सगळी हसली. मी स्वयंपाकघरात गाऱ्हाण्याचा नारळ सोलत होते. तिथूनही मला आत्याचं हसणं वेगळं ओळखू आलं. ती गुहागरहून सकाळच्या गाडीने आली होती आणि हा विनोद तिने पहिल्यांदाच ऐकला होता. बाबा खुर्चीत बसून चहा मागत होते. "च" निघाला होता. पुढचं अक्षर अजून यायचं होतं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, त्यामुळे लिहिता येत नाही. मान सारखी हलत असते, त्यामुळे मानेच्या हो-नाहीला घरात किंमत राहिलेली नाही. बोलणं एकेका अक्षराने येतं आणि तेही वाकड्या ओठांतून, म्हणून ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. डोकं मात्र शाबूत आहे. ते शाबूत आहे हे आमच्यापैकी कुणालाच सोयीचं नाही.

बटणाचा विनोद जुना आहे. मी आठ वर्षांची असताना मामाने आखातातून हातात मावणारा एक व्हिडिओ गेम आणला होता. त्यात गावं होती, बोटी होत्या आणि वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस काहीतरी सांगायचा. पण आवाज नव्हता. पडद्याच्या तळाशी एक काळं खोकं उघडायचं आणि त्यात इंग्रजी अक्षरं एकामागून एक उमटायची. प्रत्येक अक्षराला एक बारीकशी टिकटिक. ओळी संपल्या की कोपऱ्यात एक पांढरा त्रिकोण लुकलुकायचा, म्हणजे वाचून झालं असेल तर बटण दाब. धीर नसेल तर आधीच दाबायचं. मग उरलेली अक्षरं एकदम येऊन आदळायची आणि आणखी एकदा दाबलं की तो माणूस गप्प व्हायचा.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, मराठी शाळेत शिकलेला. माझ्या वेळेपर्यंत बाबांचं बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचं काम चांगलं चालायला लागलं होतं, म्हणून मला इंग्रजी शाळा मिळाली. त्यामुळे गेम दादाच्या हातात आणि वाचायचं काम माझं. मी हळू बोलायचे. अजूनही हळूच बोलते. वाक्य आधी मनात पूर्ण जुळवते, मग तोंड उघडते. दादाला तेवढा दम कुठला! मी दुसऱ्या शब्दावर असायचे तोवर त्याने खोकं पुढे ढकललेलं असायचं आणि वर तो मित्रांसमोर माझ्याकडे बघून हवेतल्या हवेत अंगठा दाबायचा. "हिचं पण बटण दाबा रे, अडकली!"

महिनाभरात तो अंगठा घरभर झाला. आई करायची, शेजारच्या मुली करायच्या. बाबा तर बंदरावर गिऱ्हाइकांसमोर करायचे. "आमचं मांजर बोलेल, पण ही नाय बोलायची," असं म्हणून ते ऑइलने काळा झालेला अंगठा माझ्या नाकासमोर दाबून दाखवायचे. खलाशी हसायचे. मी चपलांकडे बघत उभी राहायचे.

त्याच गेममध्ये एक म्हातारा नावाडी होता. दादा तीन आठवडे खेळून त्याच्यापर्यंत पोहोचला होता. गावात त्याचं घर होतं, घोडा होता, घरातल्या पेटीत जमवलेली हत्यारं होती. नावाडी बोलायला लागला. अक्षरं उमटली. इथून गेलास तर तुला या गावात पुन्हा येता येणार नाही, येतोस का? खाली हो आणि नाही असे दोन पर्याय आले आणि नेहमीसारखा निवडीचा बाण आधीच 'हो'कडे होता.

"काय म्हणतोय? बोल पटकन."

"बोटीत बसतोस का विचारतोय," मी म्हणाले.

दादाने दाबलं. घर, घोडा, पेटी, सगळं गेलं. तो दोन दिवस परतीची वाट शोधत फिरला आणि तिसऱ्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडला. सोळा वर्षांचा मुलगा. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाईट वाटलं नाही. वाचणारी मी होते, एवढंच मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

आता हेच माझं काम होणार आहे. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने मला घेतलं आहे. गेममधली वाक्यं खोक्यात मावतात का, किती वेगाने उमटतात, कुठे थांबतात हे तपासायचं. त्यांनी परीक्षेला एक गेम दिला होता, चुका शोधा म्हणून. मी लिहून दिलं की बटण भराभर दाबत आलेला माणूस प्रश्न न वाचताच हो म्हणून बसतो. प्रश्न पूर्ण उमटल्यावर अर्धा सेकंद बटण चालू नये. त्यांना ते आवडलं. येत्या सोमवारी हजर व्हायचं आहे.

बाबांना मी हे एका दुपारी पेज भरवताना सांगितलं. काम कसलं, ते त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ घेऊन म्हणाले, "म... ला... को... ण... ब... घेल?" मी चमचा पुढे केला. तसा मीही त्यांचा छळ करतेच. पाणी हवंय हे मला "पा" म्हणतानाच कळतं, पण एखाद्या दिवशी मी "णी" होईपर्यंत तांब्या हातात धरून उभी राहते.

दादाने तोडगा काढला तो असा, की बाबांना त्याने मुंबईला स्वतःच्या दोन खोल्यांत न्यायचं आणि इथलं घर बंद करायचं. पुढेमागे गणपतीपुळ्याच्या पर्यटकांना ते राहायला देता येईल, हे वहिनीचं म्हणणं. मग मी मोकळी. बाबा नको म्हणाले तर ते इथेच राहणार आणि त्यांच्याबरोबर मीही.

आई चार वर्षांपूर्वी गेली. घरातलं वडीलधारं म्हणजे आत्या. घर बंद करण्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घातलंच पाहिजे, यावर ती अडून बसली, म्हणून तो नारळ. देव्हाऱ्यासमोर मी तो ठेवला. बाबांची खुर्ची उचलून आणली. दादा हात जोडून पुढे उभा राहिला.

"बा म्हाराजा, आज ह्या घरातली लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळी एका सुरात.

"पोटापाण्यासाठी घराला कुलूप लावायची वेळ..."

"होय म्हाराजा!"

त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच होय येत होतं. वहिनी तर फोनवरची नजरही न काढता होय म्हणत होती.

"तर कायबाय चुकलं असेल तर..."

"थांब," आत्या म्हणाली. "घर त्याचं आहे. येतो म्हणून त्याला सांगू दे देवाला. त्याशिवाय नारळ फोडायचा नाय."

सगळी बाबांकडे वळली. त्यांनी तोंड उघडलं. "म..." दादाचा अंगठा सवयीने उठला. आत्याने त्याच्या हातावर चापट मारली. "बोलू दे रे मेल्या त्याला."

मग सगळी थांबली. त्या माणसासाठी आमचं घर इतका वेळ कधी थांबलं नव्हतं. ओठ वाकडे होत होते, लाळ हनुवटीवर आली, मान हलत होती. बाकीच्यांना ती नुसती घरघर. मला शब्द न् शब्द कळला. मी नाय येणार.

"काय म्हणतो गो बाय तुझा बापूस?" आत्याने विचारलं. "तुलाच कळतं ना त्याचं."

बाबा माझ्याकडे बघत होते. काय उत्तर येणार ते त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं, कारण डाव्या हाताने त्यांनी माझी ओढणी धरली. ते आणखी काही बोलले असते, तरी तेही मीच सांगणार होते.

मी अर्धा सेकंद थांबले. मग मोठ्याने, एका दमात म्हणाले, "बाबा म्हणतात, मी येतो. घर बंद करा."