मिसरातल्या आयांसाठी रडलेली आक्का

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीच्या बाजारात होतो. भाऊजींना एवढंच बोलता आलं, "गेली रे तुझी आक्का..." एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. आई लवकर गेली. मला वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं.

नांदूरघाटला आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. तिथल्या लहानशा चर्चमध्ये आक्का रविवारी मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची. तिची लाडकी गोष्ट वल्हांडणाची. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएली लोक गुलाम होते आणि फारो राजा त्यांना सोडत नव्हता. तेव्हा देवानं सांगितलं, कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावा. आज रात्री मिसरातल्या घराघरातला थोरला मुलगा मरेल, पण रक्त दिसेल त्या घराला ओलांडून मृत्यू पुढं जाईल. मग ते लोक सुटले, दुभंगलेल्या समुद्रातून पार झाले. आक्का गेरू कालवून लिंबाच्या डहाळीनं चर्चच्या चौकटीला लावायची, पोरांना आत ओढून घ्यायची आणि म्हणायची, "आपलं कोकरू म्हणजे येशू." पोरं टाळ्या वाजवायची.

तिचा थोरला प्रकाश कॉलेजात असताना तापानं गेला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण... माती देऊन आल्यावर घरी प्रार्थना झाली. कुणीतरी धीर द्यायला म्हणालं, देव आपल्या लेकरांना राखतो. आक्का ताडकन उठली. "मग माझ्या चौकटीवरलं रगत कावून दिसलं न्हाई त्याला?" त्यानंतर ती चर्चला यायची, मागं बसायची, पण मुलांपुढं उभी राहिली नाही. एकदा मला म्हणाली, "इतकी वर्सं सांगितली ती गोष्ट, पण मिसरातल्या आयांचं रडणं मला कधी ऐकूच आलं न्हाई रे."

काही वर्षांनी शेजारच्या सखूबाईंचा तरणा मुलगा मेंढरं घेऊन गेलेला असताना रस्त्यावर अपघातात गेला. आक्का रोज त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एकदा मीही होतो. सखूबाईंनी विचारलं, "बाई, तुमच्या देवाला तरी कळतं का वं हे?" आक्का त्यांचा हात धरून म्हणाली, "कळत असंल. त्याचाबी पोरगा गेलता. एकुलता एक." दोघी गळ्यात पडून रडल्या. प्रकाश गेल्यापासून तिला असं मोकळं रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी ती पुन्हा मुलांपुढं उभी राहिली. गोष्ट तीच, पण आता ती मिसरातल्या घरांतही थांबली. तिथल्या आया कशा रडल्या तेही तिनं सांगितलं. "तवा एका बाजूची घरं वाचली, दुसऱ्या बाजूला रडू उरलं," ती म्हणाली. "म्हणून मंग देवानं आपलंच लेकरू दिलं. समद्या आयांसाठी." टाळ्या वाजल्या नाहीत. सुटका म्हणजे संकट न येणं, असं मी समजत आलो होतो. ती सुटका आक्काला मिळालीच नाही. दुःखातल्या एकटेपणातून मात्र ती सुटली असावी.

दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर ती वाळत गेली. शेवटच्या भेटीत माझा हात घट्ट धरून म्हणाली, "समुद्र लई मोठा हाय रे... भ्या वाटतंय." मी हात सोडला नाही, एवढंच.

परवा तिच्या घरी गेलो. पलंगाशी तिच्या चपला होत्या, दाराकडं तोंड करून. गोष्टीतल्या त्या रात्री वल्हांडणाचं जेवण लोकांनी पायांत वहाणा घालून केलं होतं, निघायच्या तयारीनं. चालता येत नव्हतं तरी आक्कानं त्या तिथंच ठेवायला लावल्या होत्या. हाक आली की शोधाशोध नको, म्हणायची. भाऊजी त्या रोज पुसतात. "माती देताना कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई," ते म्हणाले, "अनवाणीच गेली रे..." आणि त्यांनी पुसलेल्या चपला पुन्हा तशाच दाराकडं तोंड करून ठेवल्या.